नियम चार आणि शेलारांचे मापटे

संपादकांनी माझ्याकडे हा लेख पत्राने नव्हे, फोनवरून मागितला. त्याबद्दलचा निषेध मी त्यांना त्याच दिवशी लेखी कळवला आहे. "तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा," असे ते म्हणाले. माझ्या नोकरीत गमतीजमती नव्हत्या. मी वैधमापन निरीक्षक होतो.

हा शब्द ऐकून लोक चेहरा कोरा ठेवतात, म्हणून सांगतो. तुम्ही किलोभर साखर आणता, ती खरोखर किलोभर आहे की नाही हे पाहण्यासाठी सरकार एक माणूस नेमते. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात एकतीस वर्षे तो माणूस मी होतो. लोखंडी वजनाच्या पोटात शिशाची एक गुल्ली असते. पडताळणी झाली, की निरीक्षक त्या शिशावर हातोडीने ठसा ठोकतो. इलेक्ट्रॉनिक काट्याला तार ओवून मोहर लावतात. ठसा नसलेले वजन म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नुसता दगड, आणि दगडाने साखर विकणे हा गुन्हा आहे. काम एवढेच. पण एवढ्याशा कामात माणसाची बुद्धी किती फुलते, ते मी पाहिले आहे.

वागळे इस्टेटमधल्या एका भंगारवाल्याने वजनाच्या पारड्याखाली लोहचुंबक चिकटवले होते, म्हणजे समोरच्याचे भंगार हलके भरावे. मी पारडे उलटे करून त्याला दाखवले.

"हे काय?"

"साहेब, आपोआप चिकटलं. लोखंडाचा धंदा आहे ना."

टेंभी नाक्याजवळच्या एका मिठाईवाल्याला मी खोक्याचे वजन पेढ्यांत धरल्याबद्दल नोटीस दिली होती. पुढच्या वर्षी मी पायरी चढताना दिसताच त्याने रिकामे खोके काट्यावर ठेवले, आकडा शून्यावर आणला आणि मगच "या, साहेब" म्हणाला. एकतीस वर्षांत माझे इतके शास्त्रशुद्ध स्वागत दुसऱ्या कोणी केले नाही.

मी कोणाचा चहा घेतला नाही. कोणाकडून खरेदीही केली नाही. आमची साखर सौभाग्यवती माहेरच्या गावाहून, म्हणजे माझ्या कार्यक्षेत्राबाहेरून आणत असे. माझ्या नजरेतून एकही खोटे माप सुटलेले नाही, असे मी निवृत्तीच्या समारंभात जाहीरपणे सांगितले होते. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

निवृत्तीनंतर माझ्या रागाला कार्यालय उरले नाही. त्यामुळे तो पत्रांत उतरू लागला. गटाराच्या झाकणापासून बागेतल्या घसरगुंडीच्या उतारापर्यंत अनेक विषयांवर मी संबंधितांना लिहिले आहे. डोंबिवलीतल्या आमच्या वाचनालयाच्या बाल काव्यस्पर्धेविषयी मी लिहिलेली चार पत्रे हा त्याचाच भाग होता. त्या वर्षी दुसरीतल्या एका मुलाला हिमालयाच्या एकांतावरील कवितेसाठी पहिले बक्षीस मिळाले होते. हा मुलगा कल्याणजवळच्या खडवलीच्या पलीकडे गेलेला नाही, असे मी पुराव्यानिशी दाखवून दिले होते.

वाचनालयाच्या कार्यवाह कर्णिकबाई एके संध्याकाळी माझी चारही पत्रे हातात घेऊन घरी आल्या.

"पाचवं पत्र येण्याआधी एक विनंती करते," त्या म्हणाल्या. "यंदा नियम तुम्हीच करा. परीक्षकही तुम्हीच व्हा."

"विषय?"

"तुम्ही सांगाल तो. फक्त हिमालय नको."

मी "काम" हा विषय दिला आणि चौदा नियम केले. त्यांतले तीन येथे सांगणे आवश्यक आहे. नियम चार: कवितेतले काम कवीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असावे आणि ते जसे आहे तसेच लिहावे. नियम नऊ: कोणाही प्रौढ व्यक्तीला कवितेतला एकही शब्द बदलता येणार नाही, परीक्षकांनाही प्रौढ समजण्यात येईल. नियम बारा: बक्षीसपात्र कविता कवीने समारंभात स्वतः वाचावी.

"चौदा नियम वाचून मुलं येतील का हो?" कर्णिकबाईंनी विचारले.

मुले नियम वाचत नाहीत. पालक वाचतात, आणि त्यांना घाम फुटतो. प्रौढांच्या हातून उतरलेल्या बावीस कविता मी पहिल्या आठवड्यातच बाद केल्या. प्रत्येकीसोबत कारण कळवणारे पत्र होते. एका वडिलांनी फोन केला.

"काका, आमच्या अर्णवची कविता बाद का केलीत?"

"ती उत्तम आहे. पण कवी गटात बसत नाही."

"अहो, तो पाचवीत आहे!"

"तो बसतो. तुम्ही बसत नाही."

उरलेल्या कविता मात्र खऱ्या होत्या, आणि येथे माझी मोठी चूक झाली. मुलाला एखाद्याचे काम जसे आहे तसे लिहायला सांगितले, की तो कबुलीजबाब लिहितो, हे मला कळायला हवे होते. एकीने लिहिले होते, की तिची शिक्षिका आई मालिका बघत बघत पेपर तपासते आणि खलनायिका आली की गुण कमी देते. एका रिक्षावाल्याच्या मुलाने, बाबा जवळचे भाडे दिसले की कान खाजवतात, असे यमक साधून लिहिले होते. एकाचे वडील घरून काम करतात. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून ते कसे घोरतात, याचे त्याने चार कडव्यांत हुबेहूब वर्णन केले होते. त्या वडिलांनी कविता मागे घेण्यासाठी माझ्या दारात गयावया केली. मी त्यांना नियम नऊ वाचून दाखवला. मला अतिशय बरे वाटत होते. इतक्या वर्षांच्या तपासण्यांत मला जे सापडले नाही, ते वहीच्या पानांवर मुले आपणहून आणून देत होती.

मग बत्तीस क्रमांकाची कविता आली. कवयित्री सई शेलार, इयत्ता सहावी. कविता जशीच्या तशी देतो.

*आजोबांचं काम मोजायचं,*
*मोजून पुडीत भरायचं.*
*काटा बसतो कोपऱ्यात,*
*मापटं असतं हातात.*

*मापट्यावर चढते शीग,*
*कुरमुऱ्यांचा डोंगर नीट.*
*साहेब येता तपासायला*
*मापटं जातं लपायला.*

*देव्हाऱ्यात बसतं गुपचूप,*
*समोर दिवा, समोर धूप.*
*कुंकू लावलं, फूल वाहिलं,*
*साहेबांनी ते नीट पाहिलं.*

*पाहिलं आणि जोडले हात!*
*आजोबा हसले मनातल्या मनात.*
*साहेब गेले, देव उठला,*
*परत कुरमुऱ्यांत जाऊन बसला.*

मी कविता पूर्ण वाचली. खुर्चीवरून उठलो. पुन्हा बसलो.

मापटे म्हणजे धान्य मोजण्याचे जुने पितळी भांडे. आजीच्या काळात घरोघर असे. मेट्रिक पद्धत आल्यापासून कायद्यात त्याला अस्तित्व नाही. कुरमुरे वजनाने विकावेत, मापट्याने विकणे हा गुन्हा. आणि शीग म्हणजे भांडे काठोकाठ भरल्यावर वर उभा राहणारा ढीग. कायद्याचे माप काठाशी सपाट असते. शिगेची उंची कोणत्याही अनुसूचीत दिलेली नाही.

तुकाराम शेलार यांचे कुरमुरे-फुटाण्यांचे दुकान कल्याणच्या जुन्या बाजारात आहे. त्यांच्या काट्यावर मी वर्षानुवर्षे मोहर लावली. त्यांच्या गादीच्या वर लहानसा देव्हारा होता. त्यात गणपतीशेजारी पितळेचे काहीतरी पालथे ठेवलेले असे, कुंकवाने माखलेले, वर जास्वंदीचे फूल. काटा तपासला, की मी चपला काढून तेथे हात जोडत असे. एकदा मी विचारलेही होते, "कुलदैवत का?"

"घराण्यातलं आहे, साहेब," शेलार नम्रपणे म्हणाले होते. "पणजोबांपासून."

त्यात एक शब्दही खोटा नव्हता, याचा मला आता अधिकच राग आला.

सौभाग्यवतीने माझा चेहरा पाहून कागद हातातून घेतला. वाचला. पदर तोंडाला लावून ती स्वयंपाकघरात गेली. तेथून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत नव्हता.

"अहो," अखेर ती दारात येऊन म्हणाली, "म्हणजे मुद्देमालाला नमस्कार? दरवर्षी?"

"कवितेत नाव नाही."

"नाव कशाला हवंय? चपला काढून हात जोडणारा साहेब अख्ख्या जिल्ह्यात एकच होता."

बत्तीस क्रमांकाची कविता सर्वांत चांगली होती, याबद्दल मला क्षणभरही शंका नव्हती. तिला पहिले बक्षीस दिले, तर नियम बारानुसार ती भर सभेत वाचली जाणार. शेलारांची लबाडी आणि माझी फजिती एकाच वेळी जाहीर होणार. दिले नाही, तर एका सहावीतल्या मुलीवर अन्याय, आणि तो कोणालाही कधीच कळणार नाही. निरीक्षकाला याच प्रकारचा गुन्हा सर्वांत सोपा असतो.

त्या रात्री मी नियमांत पळवाट शोधली, हे कबूल करतो. आणि ती सापडली. नियम चार! मी निवृत्त झालो तेव्हा ही मुलगी जेमतेम रांगत असणार. साहेबाचा नमस्कार तिने पाहिलेलाच नाही. तो आजोबांच्या तोंडून ऐकलेला आहे. ऐकीव पुरावा ग्राह्य नाही. सबब कविता बाद. पत्राचा मसुदाही मी तयार केला. तो इतका निर्दोष होता, की मलाच त्याचा संशय आला. प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय मी आयुष्यात कोणाला नोटीस दिलेली नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी कल्याणला गेलो.

शेलार गादीवर होते. मला पाहताच त्यांचा हात, जुन्या सवयीने, कुरमुऱ्यांच्या पोत्याकडे गेला.

"राहू द्या," मी म्हणालो. "मला ठाऊक आहे ते काय आहे."

त्यांचा हात पोत्यातच राहिला. मी कविता त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचली. शेवटच्या कडव्यावर त्यांच्या कपाळावर घाम आला.

"कार्टीनं सगळं सांगितलं की हो!" ते पुटपुटले. "साहेब, दुकान बाजारात उभं आहे. लोक म्हणतील, शेलार मापात मारतो. ही कविता काढून टाका. तुमच्या हातात आहे."

आम्हा दोन आरोपींचे पूर्ण एकमत झाले होते. माझ्या पायांखालची जमीन सरकली ती येथे. एकतीस वर्षे मी ज्या माणसाच्या समोरच्या बाजूला उभा होतो, त्याच्या शेजारी जाऊन बसलो होतो.

मागच्या दारातून मुलगी आली. दोन वेण्या, गणवेश, हातात अर्धा पेरू.

"ही सई," शेलार म्हणाले. "हे बघ, हे साहेब. यांच्याकडे गेलीय तुझी कविता."

"मग, आवडली का?" तिने मला विचारले.

मी घसा साफ केला. "तुला नियम चार माहीत आहे?"

"हो. स्वतः पाहिलेलं आणि खरं लिहायचं."

"मग साहेबांनी हात जोडले, हे तू पाहिलेस?"

"पाहिलं की. दिवाळीच्या सुट्टीत. नवे साहेब आलेले ना, त्यांनीपण जोडले." तिने पेरूचा एक घास घेतला. "आजोबा म्हणतात, जुने साहेब तर चपला काढायचे. पण ते मी नाही पाहिलं, म्हणून चपला नाही लिहिल्या."

मी शेलारांकडे पाहिले. त्यांनी छताकडे पाहिले.

म्हणजे कविता माझ्यावर नव्हतीच. ती माझ्या उत्तराधिकाऱ्यावर होती. ऐकीव असा एक शब्दही त्या मुलीने कागदावर येऊ दिला नव्हता. माझ्या चपला तिने केवळ नियमापोटी गाळल्या होत्या. माझ्या चौदा नियमांचे इतके कडक पालन आजवर कोणी केले नव्हते, मीसुद्धा नाही. माझा निर्दोष मसुदा खिशातल्या खिशात चुरगळला.

"सई," शेलार चाचरत म्हणाले, "ते देव्हाऱ्याचं काढून टाक ना बाळा. दुसरं काहीतरी लिही."

"मग खोटं होईल ना, आजोबा." ती माझ्याकडे वळली. "चालेल का, काका? खोटं?"

"नाही चालणार," मी म्हणालो. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "आणि शेलार, तुम्ही प्रौढ आहात. नियम नऊ."

त्यानंतर मी जे केले, ते करण्याचा मला अधिकार नव्हता. निवृत्त माणसाला तपासणीचे अधिकार नसतात. मी सांगितले, "काढा ते मापटे आणि भरा." शेलारांनी पोत्यातून मापटे काढले, भरले, वर हाताने शीग उभी केली. मी ते काट्यावर रिकामे करायला लावले. तीन वेळा. तीन वेळा तीन वेगळी वजने आली, आणि तिन्ही वेळा ती शेलार ज्या वजनाचे पैसे घेत होते त्याहून जास्त भरली.

मला भयंकर राग आला. "अहो, तुम्ही तोट्यात विकताय! मग लपवत कशाला होतात?"

"कायद्यात बसत नाही म्हणून," ते खाली मान घालून म्हणाले. "काट्यावर दिलं की बायका म्हणतात, शेलार, शीग कुठंय? गावाकडच्या आहेत सगळ्या. आकडा दिसतो त्यांना, पण पोट भरत नाही."

"काट्यावर वजन पूर्ण करा आणि वर मूठभर टाका. कमी देणे हा गुन्हा आहे. जास्त देण्यावर बंदी घालणारे कलम मला सापडलेले नाही."

"आणि मापटं?"

मी देव्हाऱ्याकडे पाहिले. गणपतीशेजारची जागा रिकामी होती आणि तेथे कुंकवाचे एक वर्तुळ उमटलेले होते. "ते तिथेच ठेवा. कायमचे. आता खोटा देव करू नका, खराच करून टाका."

घरी येऊन मी दोन पत्रे लिहिली. पहिले विद्यमान निरीक्षकांना: तपासणीच्या वेळी नमस्कार करण्यास हरकत नाही, मात्र तो डोळे उघडे ठेवून करावा. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. दुसरे कर्णिकबाईंना: बत्तीस क्रमांकाच्या कवितेत वर्णिलेल्या प्रकाराशी परीक्षकाचा पूर्वी, आणि अनेक वर्षे, व्यक्तिगत संबंध आला असल्याने त्या कवितेचे गुण आपण स्वतः द्यावेत. कर्णिकबाईंनी गुण दिले आणि खाली पेन्सिलीने लिहिले, "पहिला क्रमांक. व्यक्तिगत संबंध म्हणजे काय, ते प्रत्यक्ष भेटीत सांगावे. हसू आवरत नाही."

समारंभाला सभागृह भरले होते. मी व्यासपीठावर होतो. तिसऱ्या रांगेत शेलार पांढरी टोपी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून बसले होते. सईने कविता वाचली. "देव उठला" या ओळीवर पहिला हशा उसळला, आणि "कुरमुऱ्यांत जाऊन बसला" म्हणताच सगळे सभागृह फुटले. शेलारांकडे माना वळल्या. मागच्या रांगेतून एक बाई ओरडल्या, "अहो शेलार, म्हणून ते मापटं अधूनमधून दिसायचं नाही होय!" त्या त्यांच्या गिऱ्हाईक असाव्यात, त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. शेलारांचे हात गुडघ्यांवरून सैल झाले.

मग कोणीतरी विचारले, "कोण गं ते साहेब?"

सईने पाहिलेल्या साहेबांचे नाव तिला ठाऊक नव्हते. ज्याचे ठाऊक होते, त्याला तिने पाहिलेले नव्हते, म्हणून तिने सांगितले नाही. नियम चार.

मी उठलो. माइकची उंची चुकीची होती. त्याविषयी मी नंतर लिहिले आहे. "असे दोन साहेब झाले," मी म्हणालो. "त्यांतला निवृत्त तो मी. मी चपलाही काढत असे. माझ्या नजरेतून एकही माप सुटले नाही, असे मी निवृत्तीच्या वेळी म्हणालो होतो. ते विधान मी याद्वारे मागे घेतो."

हशा थांबायला वेळ लागला. सौभाग्यवती पहिल्या रांगेत डोळे पुसत होती. मी सईच्या हातात बक्षिसाचे पुस्तक दिले. ते घेऊन ती खाली उतरली नाही. तिने मान वर करून मला विचारले, आणि माइक जवळच असल्यामुळे ते सर्वांना ऐकू गेले.

"काका, तुम्ही हात जोडून देवाकडे काय मागायचात?"

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मला उत्तर मात्र लगेच आठवले, कारण प्रत्येक दुकानाच्या प्रत्येक देव्हाऱ्यापुढे मी तेच मागत असे, शब्दही न बदलता.

"या बाजारातले एकही खोटे माप माझ्यापासून लपून राहू नये," मी म्हणालो.

तिसऱ्या रांगेत शेलार उभे राहिले. त्यांनी टोपी सारखी केली आणि मला हात जोडले.

"मग पावलं की, साहेब," ते म्हणाले. "जरा उशिरा पावलं, एवढंच."